ग्रुपचं मत नेमकं कुणाचं? डिचोली-सत्तरीच्या चर्चागटाच्या प्रकल्प नोंदी

३ मे

डिचोली आणि सत्तरी या गोव्यातल्या दोन तालुक्यांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप आता भरत आला आहे. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात आणि तिथवर पोचायला थोडेच बाकी आहेत. विषय रोजचे: डोंगरकापणी, जमिनीचं रूपांतर, म्हादईचं पाणी, खनिजाचे ट्रक, कोरडे नळ, मोकाट गुरं. पंच, शिक्षक, दुकानदार, बागायतदार आणि बाहेरगावी नोकरीला गेलेले, असे सगळे इथे आहेत. सहा जणांनी पाळीपाळीने ॲडमिनचं काम बघायचं ठरलं आहे. पाळी बदलली तरी काम तुटू नये म्हणून या नोंदी.

शोधायचं एकच आहे. ग्रुपमध्ये 'लोकांचं म्हणणं' म्हणून जे फिरतं ते खरोखर किती जणांचं असतं, आणि आधी कोण बोललं यावर ते किती ठरतं? भांडणं बंद करणं हा हेतू नाही. ज्या ग्रुपमध्ये कधीच वाद होत नाही तिथे बहुधा माणसं बोलायची थांबलेली असतात. आपल्याकडे तर ग्रुपवर वाचलेलं घेऊनच माणसं रविवारच्या ग्रामसभेला जातात आणि तिथे ठराव होतात. म्हणून हे काम नीट व्हायला हवं.

१० मे

'एक्स्पोर्ट चॅट'मधून मीडिया वगळून टेक्स्ट फाइल काढली. अशा फाइलीत जास्तीत जास्त ४०,००० च्या आसपास मेसेज येतात आणि जुने गळतात. त्यामुळे दर महिन्याच्या १ तारखेला फाइल काढायची.

स्प्रेडशीटमध्ये भरताना घोळ होतो तो लांब मेसेजांचा. फाइलीत प्रत्येक मेसेजची सुरुवात तारीख, वेळ आणि नावाने होते, पण कुणी परिच्छेद पाडून लिहिलं असेल तर पुढच्या ओळींना तारीख नसते. त्या ओळी वरच्या मेसेजला जोडल्या नाहीत तर एकाच्या एका मेसेजचे दहा होतात आणि सविस्तर लिहिणारा माणूस उगाच बडबड्या ठरतो. 'अमुक सामील झाले', 'अमुक बाहेर पडले' या ओळींना नावापुढचा अपूर्णविराम नसतो, त्या आधीच गाळायच्या. आयफोनवरून काढलेल्या फाइलीत तारीख चौकटी कंसात येते आणि वेळेत सेकंदही असतात. म्हणून फाइल नेहमी एकाच फोनवरून काढायची, नाहीतर सूत्रं दर महिन्याला बदलत बसावी लागतात.

नावांच्या जागी क्रमांक टाकले आहेत. कुठला क्रमांक कुणाचा ती यादी एकाच ॲडमिनकडे राहील. मोजणी झाली की मजकुराचा स्तंभ पुसायचा. लोकांनी एकमेकांशी बोलण्यासाठी लिहिलं आहे, आपल्या अभ्यासासाठी नव्हे.

१२ मे

चार गोष्टी मोजायच्या ठरल्या.

पहिली, निम्म्याचा आकडा. महिन्याचे मेसेज माणसागणिक मोजून उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून बेरीज करत यायचं. एकूण मेसेजांचा निम्मा हिस्सा कितव्या माणसाशी भरतो, तो आपला आकडा. आपल्याकडे तो एका हाताच्या बोटांवर संपतो. जेकब नीलसन यांनी २००६ साली मांडलेला ठोकताळा असा की ऑनलाइन समूहात शंभरातले ९० नुसतं वाचतात, ९ कधीमधी लिहितात आणि एक जण सतत लिहितो. त्यामुळे थोडेच लिहितात यात आश्चर्य नाही. काळजी याची की वाचणारे ९० त्या एकाच्या आवाजाला गावाचा आवाज समजतात.

दुसरी, नव्याचं स्वागत. सदस्याच्या पहिल्या मेसेजला २४ तासांत उत्तर मिळालं का, एवढंच हो किंवा नाही लिहायचं.

तिसरी, दुरुस्तीचा वेळ. चुकीची माहिती पडल्यापासून ती चूक असल्याचं ग्रुपवर लिहिलं जाईपर्यंत किती मिनिटं गेली.

चौथी, जुगलबंदी. दोघांचेच मेसेज आळीपाळीने सहाच्या वर गेले आणि मधे तिसरा कुणी आला नाही, तर ती एक जुगलबंदी धरायची. अशा वेळी बाकीचे ग्रुप म्यूट करतात आणि म्यूट केलेला ग्रुप पुन्हा क्वचितच कुणी उघडतो. चारही गोष्टींत मला ही खूण सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शिवीगाळ नसली तरी ती ग्रुप रिकामा करते.

२० मे

आधी बोलणाऱ्याचं वजन किती असतं, यावर आज चर्चा झाली. २०१३ साली 'सायन्स'मध्ये मुचनिक, अराल आणि टेलर यांचा प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर त्यांनी काही प्रतिक्रियांना, चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा निवडून, मुद्दाम एकेक खोटी पसंती दिली. ती पाहणाऱ्या पुढच्या माणसाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. नापसंती दिलेल्यांना मात्र इतरांनी सावरून घेतलं. म्हणजे खोटी निंदा लोक दुरुस्त करतात, खोटी वाहवा वाढवत नेतात. ग्रुपमध्ये सकाळी पडलेल्या एका पोस्टवर पहिल्या दहा मिनिटांत चार अंगठे आले की दुपारपर्यंत तेच 'सगळ्यांचं मत' कसं होतं, ते यातून कळतं.

सोलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले रेघांचे प्रयोगही इथे लागू पडतात. बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेघ सांगत असताना मधल्या एकट्या माणसाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा त्यांच्याच सुरात उत्तर दिलं. पण बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती खोलीत ठेवला, तर हे प्रमाण पार खाली आलं. आपल्या कामाला उपयोगी आहे ते हे दुसरं वाक्य. बहुमत मोडायची गरज नसते. वेगळं बोलणारा एक जण दिसला तरी बाकीच्यांना तोंड उघडता येतं.

१ जून

नियम लिहून झाले. सात होते, चारवर आणले. कुठून आलं ते लिहा. माणसाच्या कामावर बोला, त्याच्या जातीवर, धर्मावर, भाषेवर वा जन्मगावावर नको. एका विषयावर एका माणसाचे सलग तीनहून जास्त मेसेज नकोत. चूक कळली की त्याच जागी दुरुस्ती लिहा.

नियम ग्रुपच्या माहितीत लपवून उपयोग नाही, ते चर्चेच्या तोंडाशीच हवेत. रेडिटवरच्या विज्ञानचर्चेच्या गटात जे. नेथन मटायस यांनी हे मोजून दाखवलं, निबंध २०१९ सालचा. चर्चेच्या वर नियम ठळक लावल्यावर नियम पाळणाऱ्या नवख्यांचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंहून जास्त वाढलं आणि बोलू लागलेल्या नवख्यांची संख्याही सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. नियमांनी लोक घाबरून पळतात हा समज यातून खोटा पडतो. कसं वागायचं ते माहीत असलं की नवा माणूस धीर करतो. म्हणून चारही नियम पिन केले. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांचीच करता येते, तेव्हा ३० दिवसांची लावून पाळीच्या ॲडमिनच्या फोनवर गजर ठेवला आहे.

नियम मराठीत आणि कोकणीत, दोन्हींत आहेत. ग्रुपमध्ये घरची कोकणी, शाळेची मराठी, रोमी (रोमन) लिपी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. शब्दांची काळी यादी करून मेसेज गाळायची सूचना आली होती, ती याच कारणाने सोडली. रोमीत एक शिवी पाच तऱ्हांनी लिहिता येते, आणि 'भायले' (बाहेरचे) हा शब्द कुठे साधा असतो आणि कुठे बोचरा, ते यंत्राला कळत नाही. भाषेचा वाद इथे जुना आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचं स्थान दिलं आणि मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा ठेवली, त्यावर आजही लोक तावातावाने बोलतात. त्यांनी खुशाल बोलावं. पण पाण्याच्या टाकीवर बोलणाऱ्याची भाषा सुधारायला जाऊ नये.

८ जून

सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला पोलीस उचलतात का, हा प्रश्न पुन्हा आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे: समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला जबाबदार धरला जात नाही. गोवाही याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. मात्र ॲडमिनने स्वतः तो मजकूर पुढे पाठवला तर गोष्ट वेगळी. म्हणून तपासासाठी फॉरवर्ड करायचं नाही, स्क्रीनशॉट आपसांतल्या गटात टाकायचा.

१९ जून

शाळांना सुट्टी दिल्याचं परिपत्रक फिरलं, पावसाळ्यात हे ठरलेलंच. तारखेचा आकडा बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होता आणि जावक क्रमांक जुनाच. रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे, हे एकदाच लिहून जतन केलं आहे. हवामान खात्याच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस धरतात. सुट्टीचा निर्णय शिक्षण खात्याचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा असतो.

६ जुलै

दुपारी व्हिडिओ पडला. लोखंडी दरवाजांतून तांबडं पाणी उसळतंय आणि खाली ओळ: 'अंजुण्याच्या धरणाचीं दारां उकतीं केलीं, साखळी सांभाळा.' दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो आधीच पाच किंवा अधिक हातांतून पुढे आलेला. असा मेसेज व्हॉट्सॲप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. पण व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने चढवला की खूण जाते. त्यामुळे खूण दिसली तर सावध व्हायचं, नाही दिसली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

तपासाचा क्रम असा ठेवला. आधी आवाज बंद करून व्हिडिओ पाहायचा, कारण आरडाओरडा ऐकला की डोळे नीट बघत नाहीत. मग थांबवत थांबवत पाट्या, वाहनांचे क्रमांक, विजेचे खांब, कपडे बघायचे. डावीकडे उभ्या गाडीच्या क्रमांकाची सुरुवात 'केए' होती, आपल्या डिचोलीची गाडी 'जीए ०४' असते. मागच्या टपरीवरची अक्षरं कानडी. मग दरवाजे, पाणी आणि गर्दी अशा तीन वेगवेगळ्या जागी चित्र गोठवून गूगल लेन्समध्ये टाकली. एकच चित्र टाकलं तर पुष्कळदा काही सापडत नाही, कारण पाण्याची सगळी चित्रं यंत्राला सारखीच वाटतात. दरवाजांच्या रचनेवरून जुनी प्रत मिळाली. सोबत जलस्रोत खात्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला.

यापुढचं पाऊल सर्वांत अवघड. व्हिडिओ परका होता, पण पाऊस खरा होता आणि साखळीतून वाहणाऱ्या वाळवंटी नदीचं पाणीही चढत होतं. अशा वेळी 'ही अफवा आहे, घाबरू नका' एवढंच लिहिणं धोक्याचं. तासाभराने खरंच पाणी बाजारात शिरलं तर माल न हलवलेल्या दुकानदाराचं नुकसान होईल, आणि पुढच्या वेळी दुरुस्तीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिळारी धरणातून पाणी सोडतात तेव्हा साळ गावच्या लोकांबाबतही हाच पेच असतो. दुरुस्तीने चित्राबद्दल बोलावं, नदीबद्दल अंदाज बांधू नये. लिहिलं ते असं:

'अंजुणे धरणाबाबत नियंत्रण कक्षाने दुपारी ३.४० ला दिलेली माहिती: दरवाजे उघडलेले नाहीत. फिरणारा व्हिडिओ कर्नाटकातला आणि जुना आहे. वाळवंटीची पातळी वाढते आहे, नदीकाठच्या दुकानांनी खालचा माल वर ठेवावा. पुढची माहिती ५ वाजता इथेच. अडचणीत ११२.'

पहिली ओळ खऱ्याची, खोट्याचा उल्लेख एकदाच, मग करायचं काय आणि पुढची वेळ. खोटं वाक्य मथळ्यात पुन्हा छापलं की लोकांच्या लक्षात तेच राहतं. एखादी गोष्ट नुसती पुन्हा ऐकली तरी जास्त खरी वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे.

७ जुलै

मूळ मेसेज कधी काढायचा यावर एकमत झालं. आधी त्याच मेसेजला उत्तर म्हणून दुरुस्ती लिहायची, मग दुरुस्ती २४ तासांसाठी पिन करायची आणि शेवटी मूळ मेसेज सर्वांसाठी पुसायचा. क्रम उलटा झाला तर मागे फक्त 'ॲडमिनने पुसला' ही ओळ उरते आणि काहीतरी दाबलं जातंय असा बोभाटा होतो. शिवाय मेसेज पुसला तरी त्याला दिलेल्या उत्तरांच्या चौकटीत त्याचा तुकडा दिसत राहतो. म्हणून लोकांना खोट्या मेसेजला उत्तर देऊ नका असं सांगायचं, दुरुस्तीला द्या.

ज्याने आणलं त्यानेच परत न्यायचं, हा पाचवा नियम आज जोडला. व्हिडिओ टाकणाऱ्याला खाजगीत दुरुस्ती पाठवायची आणि त्याने तो आणखी जिथे जिथे पाठवला तिथे ती पोचवायला सांगायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा आणायचं जाहीर केलं. कंपनीची मर्यादा अफवेचा वेग कमी करते, पण दुरुस्ती घरोघर नेत नाही. ते काम माणसांचंच आहे.

२० जुलै

शिक्षेची पायरी ठरली. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात यावरच्या कामाला. १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या तत्त्वांपैकी एक असं की मोडणाऱ्याला शिक्षा चढत्या पायऱ्यांनी असावी, आणि लक्ष ठेवणारे त्याच समूहातले असावेत. गोव्याला हे नवं नाही. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे बांध आणि मानशी (पाण्याची दारं) गावकरीने, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक संस्थेने, असेच आपसांत सांभाळले. बांधाला पडलेलं भोक लहान असतानाच बुजवायचं असतं.

व्हॉट्सॲपमध्ये एकाच सदस्याचं लिहिणं थांबवता येत नाही, एकतर सगळ्या ग्रुपला कुलूप किंवा त्याला बाहेर काढणं. टेलिग्राममध्ये एकट्याला रोखता येतं आणि दोन मेसेजांमधलं अंतर १० सेकंदांपासून तासाभरापर्यंत वाढवता येतं, पण आपली वडीलधारी माणसं तिकडे येणार नाहीत. म्हणून पहिली पायरी खाजगी मेसेज, दुसरी फोन, तिसरी सात दिवस बाहेर आणि परतीची तारीख सांगूनच. फोनने जे सुटतं ते मेसेजने सुटत नाही. खाजगी मेसेजचा नमुना:

'नमस्कार बाब. तुमचा सकाळचा मेसेज काढला आहे. रस्त्याबद्दलचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पंचबायच्या माहेरच्या गावाचा उल्लेख तेवढा वगळून पुन्हा लिहाल का? लिहिलात की लगेच वर पिन करतो.'

'नियम क्रमांक २ चा भंग' असं लिहिलं तर माणूस दुखावतो आणि चार जणांना घेऊन दुसरा ग्रुप काढतो. तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं आणि त्याचं मत महिन्याभरात दुप्पट कडक होतं. एकाच विचाराची माणसं एकत्र बसून बोलली की ती मधल्या मतावर येत नाहीत, आधी जिकडे झुकलेली होती तिकडेच आणखी पुढे सरकतात. मॉस्कोविसी आणि झावालोनी यांनी हे १९६९ मध्ये दाखवून दिलं. म्हणून काढून टाकणं ही शेवटची पायरी, आणि परत आणणं हे ॲडमिनचं काम.

१० ऑगस्ट

आता मुख्य प्रयोग, रविवारचा विषय. व्हॉट्सॲपचा पोल मत जाणून घ्यायला चालत नाही, कारण कुणी काय मत दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. सरपंचाच्या भाच्याने आधी बोट लावलं की त्याचे शेजारी गप्प बसतात. एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये याला मौनाचा भोवरा म्हटलं: आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प बसल्यामुळे अल्पमत आणखी लहान दिसतं.

पद्धत अशी. शनिवारी रात्री ८ ला प्रश्न आणि त्यासोबत दोनच कागद, एक सरकारी बाजूचा आणि एक विरोधाचा, प्रत्येकी दोन पानांच्या आत. ग्रुप ४० मिनिटं फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. कुलूप त्याहून लांबलं तर चर्चा खाजगी ग्रुपांत सरकते. या वेळात ज्याला लिहायचं त्याने पाळीच्या ॲडमिनला एक-दोन वाक्यांत मत पाठवायचं. सगळी मतं स्प्रेडशीटमध्ये घालून शेजारी यादृच्छिक आकड्यांचा स्तंभ करायचा, त्यावर क्रम लावायचा आणि नावांशिवाय सगळी एकदम टाकायची. मग कुलूप काढायचं. सोबत गूगल फॉर्म, ईमेल न घेणारा. तो चर्चेआधी एकदा आणि रविवारी रात्री पुन्हा भरून घ्यायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे चर्चेने केलेलं काम.

प्रश्न कसा विचारला यावर बरंच ठरतं. १९६३ च्या डिसेंबरात गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत गोवा महाराष्ट्रात विलीन करावा म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पुढे १६ जानेवारी १९६७ ला तोच विलीनीकरणाचा एक प्रश्न फूल (विलीनीकरण) आणि दोन पानं (वेगळं राहणं) अशा चिन्हांवर, गुप्त मतदानाने वेगळा विचारला, तेव्हा दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पक्षाला मत देणारा त्याच्या प्रत्येक मुद्द्याला मत देतो असं नाही. ग्रुपमध्ये 'रस्ता हवा की नको' आणि 'आमदार बरा की वाईट' हे दोन प्रश्न एकत्र विचारले की उत्तर दुसऱ्याचंच मिळतं. म्हणून एका फॉर्ममध्ये एकच प्रश्न, आणि 'अजून ठरलेलं नाही' हा पर्याय नेहमी ठेवायचा.

२४ ऑगस्ट

चवथीचा आठवडा. मेसेज बहुतेक माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाचे आणि गाडीत जागा आहे का असले. या आठवड्याची मोजणी महिन्याच्या आकड्यात धरायची नाही. पण हे मेसेज बिनकामाचे म्हणून वेगळ्या ग्रुपात हलवायची सूचना मान्य केली नाही. ज्याच्या गाडीतून माटोळीची कांगलां (रानफळं) आणली, त्याच्याशी पुढच्या महिन्यात जमिनीवरून वाद घालताना माणूस जिभेला आवर घालतो.

१४ सप्टेंबर

दुसरी मोजणी. निम्म्याचा आकडा वर सरकला आहे, पण तो मुख्यतः रविवारच्या विषयांमुळे. एरवीच्या दिवसांत तीच ती नावं वर आहेत. जुगलबंद्या ठळक कमी झाल्या. सलग तीन मेसेजांचा नियम त्याला उपयोगी पडला, कारण तिसऱ्यानंतर थांबावं लागलं की मधे दुसरा कुणी शिरतो. ज्या नवख्यांना पहिल्या दिवशी उत्तर मिळालं ते पुन्हा लिहिताना दिसतात, ज्यांना नाही मिळालं त्यांचा दुसरा मेसेज सहसा येत नाही. हे काम ॲडमिनने आपल्याकडे ठेवू नये. त्याच गावच्या एखाद्या जुन्या सदस्याला 'जरा उत्तर द्या' म्हणून सुचवलं की ओळखही होते.

डोंगरकापणीच्या विषयात चर्चेआधीच्या आणि नंतरच्या फॉर्ममधला फरक बाजू बदलण्यात फारसा दिसला नाही. 'अजून ठरलेलं नाही' म्हणणारे मात्र वाढले. काही ॲडमिनना हे अपयश वाटतं. माझ्या मते दोन्ही कागद वाचून आपली खात्री थोडी सैल होणं हाच चर्चेचा पहिला लाभ आहे, आणि ग्रामसभेत अशी माणसं प्रश्न जास्त विचारतात.

न सुटलेलं एक: व्हॉइस मेसेज. त्यांतलं बोलणं एक्स्पोर्टमध्ये मजकूर म्हणून येत नाही, शोधता येत नाही, आणि अफवा आता त्यांतूनच जास्त येते, कारण ओळखीच्या बोलीतला घाबरा आवाज लेखी मजकुरापेक्षा पटकन खरा वाटतो. तूर्त एक मिनिटाहून लांब व्हॉइस मेसेजखाली बोलणाऱ्यानेच एका ओळीत सार लिहायचं, असं १ ऑक्टोबरपासून करून बघू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सार पाळीचा ॲडमिन लिहील.

क्रमांकांची यादी नव्या पाळीकडे दिली. मेपासूनच्या मूळ फाइली पुसल्या, बेरजा ठेवल्या. पुढच्या रविवारचा विषय पंचायतीचा कचरा-शेड. ठरावाची प्रत मागितली आहे, विरोधाचा कागद शेजारच्या वाड्यावरून यायचा आहे.